मामंजींची येझदी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. हळदीकुंकवाला चार जणींत बोलते, पण माईकपुढे उभी राहण्याची ही पहिलीच वेळ. चिटणीसबाई म्हणाल्या, "सहा महिने तुमच्या दारात ती मोटारसायकल सुटी होऊन पडली होती, सारी गल्ली बघत होती. त्याचंच सांगा." त्यांचा शब्द मोडवेना. चुकले तर सांभाळून घ्या.

गाडी आमच्या मामंजींची, 1986 सालची येझदी रोडकिंग. मामंजी इथेच एमआयडीसीत यंत्रमागावर जॉबर होते. रात्रपाळी करून आले की आधी गाडी पुसायचे, मग चहा. पुसायला कारखान्यातली सुताची वेस्ट. या गाडीची एक गंमत आहे. किक आणि गिअर यांना दांडी एकच. किक मारायची आणि तीच दांडी पुढे वळवून गिअर टाकायचे. नवखा माणूस शोधतच राहतो. ही गाडी मैसूरला तयार होई. रुस्तम इराणी यांच्या कारखान्यातून 1961 पासून आधी जावा आणि मग येझदी या नावाने गाड्या निघत. इराणातल्या यझ्द गावावरून हे नाव आले. 1996 साली तो कारखाना बंद पडला. 2022 साली येझदी नावाच्या नव्या गाड्या आल्या, पण त्यांचे सामान आमच्या जुनीला बसत नाही.

आता मुख्य गोष्ट सांगते. 2005 सालची. गुरुवारी आम्ही दोघे अक्कलकोटला दर्शनाला निघालो. आदल्या आठवड्यात पंक्चरसाठी चाक उतरवले होते, तेव्हा काढलेला साडीगार्ड परत बसवायचा राहून गेला होता. "दोन दिवसांनी बसवू" असे यांचेही म्हणणे आणि माझेही. वाटेत वारा सुटला. पदर चाकाच्या आऱ्यांत गेला आणि मी मागच्या मागे ओढली गेले. डावा हात कोपरात मोडला. हा बघा, अजून पुरता सरळ होत नाही. थोरला तेव्हा तीन वर्षांचा होता, घरी सासूबाईंजवळ होता म्हणून बरे.

यांनी त्यानंतर ती गाडी चालवली नाही. कधी बोललेही नाहीत. मामंजी वारले 2016 साली, तोवर ते अधूनमधून पुसत असत. पुढे न्हाणीघरामागे पत्र्याखाली, गोवऱ्या आणि मोडक्या खाटेच्या संगतीत ती पडली. भंगारवाला दोनदा आला. दोन्ही वेळा हे "ने" म्हणाले आणि मी "राहू दे" म्हणाले. का, ते मला तेव्हा सांगता आले नसते.

थोरल्याने आयटीआय केले आणि टॉवेलच्या कारखान्यात लागला. एका रविवारी म्हणाला, "आई, आजोबांची गाडी चालू करतो." यांनी ताटावरून मान वर केली नाही. मी भिशीचे बारा हजार त्याच्या हातात ठेवले. हे बरेच दिवस घरात कळू दिले नव्हते, आज सगळ्यांसमोर सांगते.

मग काय विचारता! अंगणात पोती अंथरली आणि गाडीचा एकेक भाग सुटा झाला. नटबोल्ट माझ्या लोणच्याच्या बरण्यांत. टाकीत गंज होता. त्यात व्हिनेगर आणि मूठभर नट घालून ती आम्ही मायलेकांनी पाळीपाळीने हलवली, बाळाला झोके द्यावेत तशी. बोअर लेथवाल्याकडून करून आणले. पिस्टन पुण्याहून आला.

इथे माझ्या हातून एक चूक झाली, ती लपवत नाही. या गाडीत पेट्रोलमध्येच ऑइल मिसळतात, त्यामुळे सायलेन्सरच्या आत काजळी धरते. ती कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात सुटते. मुलगा पिंपात नळ्या भिजत घालून पाळीला गेला. मला वाटले, हे दुसरे झाकणही तेलकट आहे, तेही टाकावे. टाकले. थोड्या वेळात पिंप फसफसू लागले आणि हात लावू नये इतके तापले. झाकण ॲल्युमिनियमचे होते. काठीने बाहेर काढले तेव्हा त्याला देवीचे व्रण पडावेत तशी भोके पडली होती. अहो, पापडखार ॲल्युमिनियमच्या भांड्यात ठेवू नये हे मला लग्नाआधीपासून ठाऊक! पण ते ज्ञान स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापलीकडे गेलेच नाही. पोरगा दोन दिवस मुका. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "जुन्या बाजारात दुसरं बघतो." कॉस्टिक कातडीही जाळते. घरात लहान मुले असतील तर त्याचा नादच नको.

सीट मी शिवली, माझ्या पायमशीनवर, अठरा नंबरच्या सुईने. रेक्झिनवर एकदा टाका पडला की भोक राहते, उसवून सुधारता येत नाही. म्हणून आधी जुन्या चादरीचा नमुना शिवून बसवून पाहिला.

खरा वाद पुढे झाला. मुलाच्या मोबाईलमध्ये फोटो होते. मागची चौकट कापलेली, मडगार्ड नाही, सीट एकट्यापुरती, सायलेन्सर आतून मोकळा. "अशी करू," म्हणाला. मी विचारले, "मागे कोण बसणार?" "कोणी नाही." मला राग आला, पण ओरडले नाही. कोपर पुढे केले आणि 2005 सालची सगळी हकीकत सांगितली. त्याला एवढेच माहीत होते की आई गाडीवरून पडली होती.

तो उठून गेला. रात्री स्वतःच वाचून सांगू लागला की चासीस कापली तर आरसी बुकातली गाडी एक आणि दारातली दुसरी असे होते, आणि तसा बदल कायद्याला चालत नाही. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून निम्मे चाक झाकेल असे संरक्षण हवे, हे मोटार वाहनांच्या 1989 च्या नियमांत, 123 व्या नियमात लिहिले आहे. म्हणजे आपल्या पदराची काळजी सरकारने लिहून ठेवली आहे, आणि पोरे ती हौसेने उपटून टाकतात.

रंग मात्र मी त्याच्या मनासारखा होऊ दिला. तेवढी हौस असावी. सायलेन्सरची जाळी आत राहिली, कारण शेजारी बाळंतीण होती. आरसी मामंजींच्या नावावर होती, त्यासाठी नमुना 31 भरला, वारसांच्या सह्या घेतल्या, हेलपाटे झाले.

जुना साडीगार्ड सापडला नाही. मुलाने सळई वाकवून नवा वेल्ड करून आणला आणि पायरीवर ठेवून पाळीला गेला. संध्याकाळी हे आले. कपडे न बदलता पाना घेऊन बसले. चारही बोल्ट आवळले, हाताने हिसके देऊन पाहिले. मग आत जाऊन माझी जुनी साडी आणली, पदर गार्डवर सोडला, गाडी स्टँडवर चढवून मागचे चाक हाताने जोरात फिरवले. एकदा, दोनदा, कितीतरी वेळ. पदर आत गेला नाही. मी दारात उभी होते. मला म्हणाले, "गुरुवारी मोकळी आहेस का?"

गाडी आज मंडळाच्या दारात उभी आहे. ज्यांना पाहायची त्यांनी जरूर पाहावी. फक्त सायलेन्सरला हात लावू नका, आम्ही आत्ताच तिच्यावरून आलो आहोत.