मनाचा आजार आणि आपली समजूत
(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ताप आला तर आपण चारचौघांत सांगतो. साखर वाढली तर शेजारी औषध विचारतो. पण घरातल्या कुणाचं मन आजारी पडलं की दार लावून घेतो. असं का होतं, याचा आज विचार करू.

आजार माणसाला होतो, पण त्याला नाव समाज देतो. आणि जे नाव पडेल त्या दारात त्या माणसाला नेलं जातं. "बाहेरचं आहे" म्हटलं की भगताच्या दारात. "लग्न झालं की सुधारेल" म्हटलं की मांडवात. "नाटकं करते" म्हटलं की तिला कुठंच नेत नाहीत. "आजार आहे" म्हटलं तरच ती दवाखान्यात पोहोचते.

आपल्या आया-बहिणी "मन उदास आहे" असं सहसा म्हणत नाहीत. डोकं जड झालंय, छातीत धडधडतं, हातापायाला मुंग्या येतात, असं सांगतात. ते खोटं नसतं. मनाचं दुःख बोलायची मुभा नसली की ते अंगातून बोलतं. मग टॉनिक आणि सलाईनवर पैसा जातो, पण झोप का लागत नाही हे कुणी विचारत नाही.

चुकीच्या दाराची किंमत किती मोठी असते, हे ६ ऑगस्ट २००१ रोजी देशाने पाहिले. तामिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याजवळच्या एका आश्रयस्थानाला आग लागली. रुग्ण साखळदंडाने बांधलेले होते. त्यांना पळता आले नाही. २८ जण गेले. त्यांना तिथे ठेवणारे सगळेच दुष्ट नव्हते. बरं होईल या आशेने नातेवाइकांनीच आणून सोडले होते. आता २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास बंदी आहे. महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे गुन्हा आहे.

तुम्ही म्हणाल, आम्ही तर १९५६ लाच हे सोडलं. खरं आहे. बाबासाहेबांनी आपल्याला त्यातून बाहेर काढलं. पण देव्हारा घरातून गेला तरी लाज घरातच राहिली. मुलीला बघायला पाहुणे येणार म्हणून तिच्या गोळ्या बंद करणारी सुशिक्षित घरं आपल्यात आहेत. डॉक्टरांना न विचारता गोळ्या तोडल्या की आजार उलटण्याचा धोका असतो. त्याचा त्रास मुलीला होतो, आणि दोष मात्र तिच्या नशिबाला दिला जातो.

पटाचारेची कथा आपण ऐकली आहे. नवरा, मुलं, आई-वडील, भाऊ सगळे गेले आणि तिचं भान हरपलं. लोकांनी तिला वेडी म्हणून हाकललं. तथागतांनी तिला जवळ येऊ दिलं, भानावर ये म्हणाले. कुणीतरी अंगावर वस्त्र टाकलं. पुढे ती थोर थेरी झाली. आता याचा अर्थ औषधाऐवजी प्रवचन असा काढू नका. विपश्यना शिबिराच्या नियमांतच लिहिलं आहे की, साधना ही मानसोपचाराची जागा घेऊ शकत नाही. कथेतून घ्यायचं ते एवढंच, की आधी तिला जवळ घेतलं.

जवळ घेणं आपल्या रक्तात आहे. कुणी दवाखान्यात असलं की आख्खी चाळ डबा घेऊन जाते. हाच डबा मनाच्या रुग्णाकडेही जाऊ द्या.

२०१५-१६ साली बंगळूरच्या निम्हान्सने बारा राज्यांत पाहणी केली. तेव्हा दर दहा प्रौढांमागे साधारण एकाला मनाचा आजार आढळला, आणि त्यातले बहुतेक उपचाराविना होते. म्हणजे हा प्रश्न आपल्याही गल्लीत आहे. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे सरकारी मनोरुग्णालये आहेत. १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर २०२२ पासून मोफत सल्ला मिळतो, मराठीतही मिळतो.

माझी विनंती एकच. घरात कुणी आठ-पंधरा दिवस झोपत नसेल, जेवत नसेल, एकट्यानेच बोलत असेल, मरणाची भाषा करत असेल, तर त्याला नाव ठेवू नका. मरणाची भाषा असेल तर आठ दिवसही थांबू नका. त्याच दिवशी सोबत घेऊन दवाखान्यात जा.

नमो बुद्धाय! जय भीम!