फवारणी पंपाचे पेट्रोल आणि कार्बोरेटर



पऱ्हाटीवर अळी आली, पंप बाहेर काढला, दोरी ओढून हात दुखले, पण इंजिन काही सुरू होत नाही. बहुतेक वेळा दोष इंजिनाचा नसतो. टाकीत राहिलेल्या जुन्या पेट्रोलचा असतो.

आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतला ओलावा ओढते. पाणी वाढले की ते इथेनॉलसह तळाशी बसते. शिवाय जुन्या पेट्रोलचा चिकटा कार्बोरेटरच्या बारीक जेटमध्ये साचतो. म्हणून एवढे करा :

१) पेट्रोल दोन-तीन आठवड्यांपुरतेच आणा. घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात, सावलीत, चुलीपासून दूर ठेवा. औषधाच्या रिकाम्या डब्यात किंवा पाण्याच्या बाटलीत ठेवू नका.

२) टू-स्ट्रोक इंजिनाला पुस्तिकेतल्या प्रमाणातच तेल मिसळा. २५ ला १ म्हणजे लिटरला ४० मिली. फोर-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये तेल नको.

३) हंगाम संपला की टाकी रिकामी करा, मग इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. म्हणजे कार्बोरेटर कोरडा राहतो.

४) जेट तारेने टोचू नका, भोक मोठे होते. ताज्या पेट्रोलने धुवा. तोंडाने फुंकू नका.

२०१७ साली आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसे गेली, हे आपण विसरलो नाही. पंप शेतात बंद पडला तर घाई नको. आधी साबणाने हात धुवा, इंजिन थंड होऊ द्या, विडी दूर ठेवा, मगच पाना हातात घ्या.

एक फवारणी उशिरा झाली तरी चालेल. माणूस धड घरी आला पाहिजे.