हुंडणावळीच्या कोष्टकांत कोणतीं चलनें असावींत?

वर्तमानपत्राच्या व्यापारी पानावर हुंडणावळीचें, म्हणजे परकीय चलनांच्या दरांचें, एक लहानसें कोष्टक असतें. बहुतेक घरांत त्याकडे कोणी फारसें पाहात नाहीं. जगांत दीडशेंच्या आसपास चलनें व्यवहारांत असतां या कोष्टकांत चार-सहांनाच जागा मिळते. ती कोणास द्यावी हा प्रश्न वरवर संपादकाच्या सोयीचा वाटतो. परंतु ज्या घरीं परदेशांतून पैसा येतो, त्या घराच्या पदरांत वाजवी रुपये पडतात कीं नाहीं, हें पडताळून पाहण्याचें तेंच एक साधन असूं शकतें.

भंडारा जिल्ह्याचेंच उदाहरण घ्यावें. तुमसर तालुक्यांत चिखला व डोंगरी बुजुर्ग येथें मँगनीजच्या खाणी आहेत. इंग्रजी अमदानींत मध्यप्रांतांतील मँगनीज विलायतेस जाई व तेथील बाजारांत त्याचा भाव पेन्सांत सांगितला जाई. १९२७ च्या कायद्यानें रुपयाची किंमत १ शिलिंग ६ पेन्स ठरली होती. अशा काळीं खाणवाल्यास एका पौंडाचा दर कळला कीं पुरे होई. सप्टेंबर १९४९ मध्यें पौंडाचें अवमूल्यन झालें, त्याच्यामागें रुपयाही उतरला, आणि सुमारें ३ रुपये ३१ पैशांना मिळणारा डॉलर ४ रुपये ७६ पैशांवर गेला. आज या खाणी मॉइल या सरकारी कंपनीकडे आहेत आणि जागतिक बाजारांत मँगनीजचा भाव डॉलरांत बोलला जातो. खाण तीच, दगड तोच. पण पाहावयाचें चलन बदललें.

२५ सप्टेंबर १९७५ रोजीं रुपयाची पौंडाशीं बांधलेली गांठ सुटली व तो अनेक चलनांच्या एका समूहाशीं जोडला गेला. त्या समूहांत कोणतीं चलनें आहेत व कोणाचें वजन किती, हें सरकारनें गुप्त ठेविलें होतें. मार्च १९९३ पासून रुपयाचा दर बाजारावर सोपविला गेला. पुढें रिझर्व्ह बँक डॉलर, युरो, पौंड व येन या चारच चलनांचे संदर्भ-दर जाहीर करी. जुलै २०१८ मध्यें तें काम फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया या संस्थेकडे गेलें. सीमाशुल्क खात्याची यादी मात्र वीस-बावीस चलनांची असते, कारण मालाचें बीजक दिनारांत येवो कीं रँडमध्यें, त्यावर कर आकारणें त्यास भाग आहे. म्हणजे प्रत्येक यादी तिच्या कामाप्रमाणें लांब किंवा आखूड होते.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. ज्या चलनाच्या एका नाण्यास अधिक रुपये पडतात तें मोठें चलन, असें नव्हे. कुवेतचा दिनार पौंडाहून महाग आहे, पण जगाच्या व्यापारांत त्याची उलाढाल थोडी. उलट जपानचा येन इतका स्वस्त कीं त्याचा दर बहुधा शंभर येनांचा देतात. तरी त्याचा बाजार अफाट आहे. चीनचा युआन व्यापारानें मोठा, तथापि त्यावर सरकारी निर्बंध फार. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनें त्यास आपल्या चलन-समूहांत १ ऑक्टोबर २०१६ रोजीं स्थान दिलें.

दुसरी गोष्ट आखाती चलनांची. संयुक्त अरब अमिरातीचा दिरहॅम १९९७ पासून डॉलराशीं ३.६७२५ या प्रमाणांत बांधलेला आहे आणि सौदी रियाल ३.७५ या प्रमाणांत. डॉलरच्या रुपयांतील दरास या आंकड्यानें भागलें कीं दिरहॅमचा किंवा रियालचा दर निघतो. जाणता मनुष्य म्हणेल, मग या चलनांना वेगळी ओळ कशाला? उत्तर सोपें आहे. पवनी किंवा साकोलीच्या ज्या माउलीचा मुलगा दुबईस कामाला गेला आहे, तिनें दर महिन्यास हा भागाकार करीत बसावें, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. पेढीवाल्यास तो भागाकार ठाऊक असतो आणि तिला नसतो. या अज्ञानाची किंमत तिच्या पैशांतूनच वजा होते.

म्हणून घरोघरीं वाचल्या जाणाऱ्या पत्राच्या कोष्टकांत डॉलर, युरो, पौंड, येन व युआन यांच्या जोडीला दिरहॅम आणि रियाल असावेत. दर एका नाण्याचा कीं शंभरांचा, कोणत्या दिवसाचा, खरेदीचा कीं विक्रीचा, हेंही स्पष्ट लिहावें. छापील दर व हातीं पडणारा दर यांत थोडें अंतर राहणारच, कारण पेढी आपली दलाली घेते. पण तें अंतर किती, हें विचारण्याचा अधिकार ग्राहकाचा आहे, आणि तो बजावण्यास आधीं मूळ आंकडा डोळ्यांसमोर असावा लागतो.