पायाची नस ब्लॉक झाली, मग शुगर का बघायची?

आजचा भाग छोटाय, पण घरात कोणाची अँजिओप्लास्टी झाली असेल तर शेवटपर्यंत ऐका.

माझे काका चालताना मध्येच थांबायचे. पोटरीत गोळा यायचा, दोन मिनिटं उभं राहिलं की कमी. आम्हाला वाटलं, वय झालं. डॉपलर केल्यावर कळलं, पायाची रक्तवाहिनी तुंबलीय. ॲडमिट केलं, अँजिओप्लास्टी झाली, घरी आले. डिस्चार्ज कार्डवर उपाशीपोटीची शुगर ११८. मधुमेह १२६ पासून धरतात, त्यामुळे विषय तिथेच संपला. खरं तर १०० ते १२५ हा इशारा असतो, पण तो कोणी वाचलाच नाही. मीसुद्धा नाही. आठ महिन्यांनी अंगठ्याची जखम भरेना, तेव्हा एचबीए१सी केली. ७.४! म्हणजे मधुमेह.

उपाशीपोटीची शुगर हा एका क्षणाचा स्क्रीनशॉट आहे. सकाळी सातला सर्व्हर शांतच असतो हो, लोड येतो जेवणानंतर. एचबीए१सी म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांचा लॉग. ६.५ किंवा वर गेली की मधुमेह, ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठ्यावर.

आणि हे फक्त आमच्या काकांचं नाही. स्वीडनमधल्या डॉक्टरांनी हार्ट अटॅक आलेले, पण मधुमेह माहीत नसलेले १८१ पेशंट तपासले. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी शुगर बघितली. २००२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं. घरी सोडताना ३१ टक्क्यांना मधुमेह निघाला, आणखी ३५ टक्के उंबरठ्यावर. आजारपणाच्या ताणानेही शुगर चढते, म्हणून तीन महिन्यांनी परत बघितलं: २५ आणि ४०. बेरीज जवळपास तीच!

तर डिस्चार्जच्या आधी विचारा, ‘डॉक्टर, एचबीए१सी झालीय का? ग्लुकोज पाजून करायची टेस्ट लागेल का?’ ॲनिमिया असेल किंवा नुकतंच रक्त चढवलं असेल तर तेही सांगा, एचबीए१सीचा आकडा फसवू शकतो. आणि आकडा वर आला तर परत टेस्ट कधी करायची, ते कार्डवर लिहून घ्या.

काकांचा अंगठा वाचला. दीड महिना ड्रेसिंग चाललं. आता चहा बिनसाखरेचा, त्यावरून काकूंशी रोज भांडण.