विस्मृति आणि प्रथिनाचा तुकडा

घरांतील वृद्ध मनुष्य जेवण उरकल्यावर पुन्हा पान मांडावयास सांगूं लागला, म्हणजे त्याला म्हातारचळ लागला असें आपण म्हणतों. पुण्याच्या पेठेंत काय आणि मुळशींतील चांद्यासारख्या गांवीं काय, शब्द हाच. शब्द निष्ठुर खरा, आणि पुष्कळदां चुकीचाहि. कारण वार्धक्य निराळें व रोग निराळा. १९०६ सालीं आल्झायमर या जर्मन वैद्यानें ज्या स्त्रीच्या मेंदूंत साचलेले गोळे व गुंतलेले तंतु पाहिले, ती मृत्युसमयीं अवघी ५५ वर्षांची होती.

ते गोळे कशाचे, हें १९८४-८५ सालीं उमगलें. पेशीच्या आवरणांत एक लांब प्रथिन रोवलेलें असतें. दोन रासायनिक कातऱ्या त्यावर चालल्या, कीं सुमारें ४० ते ४२ अमिनो आम्लांचा तुकडा सुटतो, तोच बीटा-अमिलॉइड. गंमत अशी कीं, तिसरी एक कातरी नेमकी या तुकड्याच्या मधूनच चालते. मग तो तयारच होत नाहीं. उलट जो निराळा भाग सुटतो, तो प्राण्यांवरील प्रयोगांत स्मृतीस पोषक ठरला आहे.

पूर्वीं सारा दोष गोळ्यांकडे असे. आतां संशय अधिक आहे तो छोट्या पुंजक्यांवर. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत सुदीप्त मैती व त्यांचे सहकारी यांना, सुट्या तुकड्यापेक्षां असे पुंजके पेशीच्या आवरणास अधिक चिकटतात, असें आढळलें.

मग तुकडाच होऊं देऊं नये, हें सुचणें साहजिक होतें. त्याप्रमाणें कातरी अडविणारीं औषधें निघालीं. परंतु २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका चाचणींत अशा औषधानें रुग्णांची बुद्धि अधिकच मंदावली. त्या कातरीला इतरहि कामें असतात. शिवाय हाच तुकडा अत्यल्प प्रमाणांत उंदरांच्या स्मृतीस साहाय्य करतो, असें २००८ सालींच दिसलें होतें!

साचलेले तुकडे हटविणाऱ्या लेकानेमॅब या औषधाची चाचणी १,७९५ रुग्णांवर झाली. सारे रोगाच्या आरंभींच्या अवस्थेंतले. अठरा महिन्यांनंतर १८ गुणांच्या मापनांत फरक पडला ०.४५ चा, आणि औषध घेणाऱ्यांपैकीं सुमारें आठांत एकाच्या मेंदूवर सूज दिसली, बहुतेकांस लक्षणांवांचून. रोग मंदावला, थांबला नाहीं. माझ्या मतें हें यश लहान आहे, पण खोटें नाहीं.

मात्र या महागड्या उपायाचा विचार करण्यापूर्वीं रुग्णाचें रक्त तपासून घ्यावें. ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव किंवा थायरॉइड ग्रंथीचा मंदपणा यांनींहि विस्मरण होतें, आणि त्यांवर स्वस्त औषधें आहेत.