किड्याला नाव ठेवताना

माणसाला नावं ठेवायला आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. किड्याला एकच नाव ठेवायचं तर मात्र वर्षं जातात. आज बोलायचंय ते त्या एका नावाबद्दल.

धान निसवायच्या दिवसांत नागझिऱ्याजवळच्या कोहमाऱ्याच्या चौकातल्या दिव्याखाली जरा वाकून बघा. मुंगीएवढा, नारिंगी-काळा किडा शेपूट वर करून धावताना दिसेल. तो मुंगी नव्हे, भुंगेरा. पाठीवरचे कडक पंख बंडीसारखे आखूड, म्हणून पोट उघडं. उडायचे पातळ पंख त्या बंडीखाली घडी घालून ठेवलेले. हा पिडेरस. मानेवर बसला तर चिरडू नका, फुंकून उडवा. चिरडलात की त्याच्या अंगातलं पेडेरिन कातडीला लागतं आणि एक-दोन दिवसांत भाजल्यासारखा पट्टा उठतो. गंमत अशी की ते विष त्याचं स्वतःचं नाहीच, त्याच्या अंगातल्या जिवाणूंचं आहे. आणि हाच बांधीत उतरून धानावरचे तुडतुडे खातो.

हा झाला ओळखीचा. याच्या स्टॅफिलिनिडी कुळात जगभर साठ हजारांहून जास्त जाती नोंदल्या आहेत. शेण, कुजका पाला, अळंबी, वारूळ, कुठेही हात घाला. आपल्याकडच्या जातींचा मोठा हिशेब मांडला माल्कम कॅमरून यांनी. ब्रिटिश नौदलातले हे डॉक्टर. ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ मालिकेत १९३० ते १९३९ या काळात त्यांनी याच एका कुळावर खंडामागून खंड लिहिले.

‘नवी जात सापडली!’ असं जंगलात कुणी ओरडत नाही. पाला चाळायचा, किडे अल्कोहोलच्या बाटलीत टाकायचे, सोबत चिठ्ठी. पुढे टेबलावर दोन किडे जुळ्या भावांसारखे दिसतात. मग नराचं पोट उघडून जननांग काढायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचं. खरा फरक पुष्कळदा तिथेच निघतो. तेवढ्यानेही भागत नाही. जातीचं नाव एकाच नमुन्याला बांधलेलं असतं, त्याला होलोटाइप म्हणतात. बांधाच्या भांडणात शेवटी मूळ नकाशा काढावा लागतो, तसंच हे. फक्त आपल्या बांधांचे बरेच नकाशे लंडनच्या संग्रहालयात पडलेत!

तिथे नमुना पोचला म्हणजे काम झालं, असंही नाही. डार्विनने १८३२ साली अर्जेंटिनात बाहिया ब्लांकाला असाच एक भुंगेरा पकडला. तो त्या संग्रहालयात गेला आणि हरवला. पुढे तिथूनच अभ्यासाला मागवलेल्या किड्यांत तो स्टायलियानोस चात्झिमानोलिस यांच्या हाती लागला आणि २०१४ साली त्याचं बारसं झालं: डार्विनिलस सेडारिसी. बारशाला एकशे ब्याऐंशी वर्षं लागली.

तेव्हा चौकात काही वेगळं दिसलं तर नुसता फोटो काढून थांबू नका, बाटलीत घ्या. अभयारण्यात मात्र परवानगीशिवाय हात लावायचा नाही. आणि चिठ्ठीवर ‘नागझिऱ्याजवळ’ असलं मोघम नको. कोहमारा, तालुका सडक अर्जुनी, तारीख, रात्री आठ, दिव्याखाली. पेन्सिलीनं लिहा, शाई अल्कोहोलमध्ये उतरते.