अंगठी कोणाच्या हाती?

आज आम्ही एका जादूच्या अंगठीची गोष्ट घेऊन आलो आहोत. इंग्रज लेखक टॉल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कादंबरीतली ही गोष्ट. तिचे तीन भाग १९५४ आणि १९५५ साली छापले गेले.

सॉरॉन नावाच्या दुष्टाने सगळ्यांवर हुकूम चालवायला ही अंगठी घडवली. पुढे ती नदीच्या तळाशी एकाला सापडली. तिच्यासाठी स्मेगॉलने त्या जिवलग मित्राचाच गळा दाबला.

लोभी माणूस लोभाने बुडाला, यात नवल नाही. आम्हाला विचारात पाडतो तो बोरोमिर. त्याला अंगठी हवी होती आपली माणसं वाचवायला. चांगल्या कामासाठीच मागतोय, असं म्हणता म्हणता तो सोबत्याच्याच अंगावर धावून गेला! तो सोबती फ्रोडो अंगठी नष्ट करायला निघालेला, पण शेवटच्या क्षणी त्यालाही ती सोडवेना.

गॅलाड्रिएल या शहाण्या स्त्रीला मात्र अंगठी आयती मिळत होती, तरी तिने नाकारली. आपण भलं करायला जाऊ आणि हळूहळू सगळ्यांवर सत्ता गाजवू, हे तिने ओळखलं होतं.

आपल्या बचत गटाच्या पेटीत जादू नाही. पण “माझ्याशिवाय कोण सांभाळणार?” हे कोणाच्याही मनात येऊ शकतं. म्हणून पेटी एकीकडे, किल्ली दुसरीकडे आणि पदं फिरती ठेवू या. यात कोणावर अविश्वास नाही. उलट प्रत्येकीला त्याचा आधारच आहे.